मराठी व्हॉट्सॲप संदेश, कलम 63 चे प्रमाणपत्र आणि भाषांतर: बेळगाव-खानापूरच्या न्यायालयांत आपण काय करता?

मलप्रभा_काठ
सर्वांना नमस्कार. मी खानापूर आणि बेळगाव येथे सहा वर्षे दिवाणी काम पाहतो. माझ्या एका वृद्ध पक्षकार मावशींचा शेतजमिनीच्या खरेदी कराराच्या पूर्ततेचा दावा 2023 मध्ये दाखल झाला असून तो आता साक्षीपुराव्याच्या टप्प्यावर आला आहे. करारातील बहुतेक रक्कम मिळाल्याचे प्रतिवादीने मावशींना व्हॉट्सॲपवर मराठीत लिहून कळवले होते, आणि आमच्या बाजूने तोच सर्वांत भक्कम पुरावा आहे.

1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाल्यामुळे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जुन्या 1872 च्या अधिनियमातील 65-ब ऐवजी कलम 63 खालचे प्रमाणपत्र द्यावे लागते. त्याचा नमुना अधिनियमाच्या अनुसूचीतच दिलेला असून त्याचे दोन भाग आहेत. 'अ' भागावर पक्षकाराची सही असते, 'ब' भागावर तज्ज्ञाची, आणि दोन्हींत हॅश मूल्य (फाइलमधील मजकुरावरून संगणकाने काढलेली, तिची ओळख पटवणारी अक्षर-अंकांची खूण) लिहायचे असते. माझे प्रश्न दोन आहेत. तालुक्याच्या ठिकाणी हा तज्ज्ञ कोठून आणायचा? आणि मराठी संदेशांचे भाषांतर कन्नडमध्ये द्यावे की इंग्रजीत, ते कोणी करावे आणि त्यावर सही कोणाची असावी? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

चिकोडी_फौजदारी
वकीलसाहेब, फौजदारी बाजूला आम्ही रोज याच अडचणीत आहोत. कलम 63 च्या चौथ्या पोटकलमात उपकरणाचा ताबा असणारी व्यक्ती 'आणि' तज्ज्ञ असे शब्द आहेत, त्यामुळे एकाच सहीवर भागवता येत नाही. शिवाय पुरावा जितक्या वेळा दाखल कराल तितक्या वेळा त्यासोबत प्रमाणपत्र हवे, असेही तेथे स्पष्ट म्हटले आहे. तज्ज्ञ म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 79-अ खाली अधिसूचित झालेला परीक्षकच, असा आक्षेप समोरचे वकील घेतात. मी स्वतः एका अभियंत्याची सही घेऊन प्रमाणपत्र दिले आहे. ते आक्षेप राखून दाखल करून घेतले गेले, परंतु अंतिम युक्तिवादात हा मुद्दा पुन्हा निघणार हे गृहीत धरूनच मी तयारी करतो आहे.

टिळकवाडी_संगणक
मी वकील नाही, संगणकाचे काम करतो, आणि अशा प्रमाणपत्रांसाठी वकील मंडळी माझ्याकडे येतात. त्यांच्या हातून वारंवार होणारी एक चूक येथे सांगणे मला आवश्यक वाटते. हॅश मूल्य हे त्या विशिष्ट फाइलचे असते. व्हॉट्सॲपमधून संभाषण बाहेर काढल्यावर जी फाइल मिळते ती उघडून, तिच्यात एखादी रिकामी जागा जरी वाढली आणि ती पुन्हा साठवली गेली, तरी हॅश पूर्णपणे बदलते. पुष्कळ जण संदेश आधी टंकलेखनाच्या दुकानात नेतात, तेथे ते वर्ड फाइलमध्ये उतरवून घेतात आणि मग त्या नव्या फाइलचे हॅश काढून आणतात. ते हॅश टंकलेखकाच्या फाइलचे झाले, फोनमधल्या संभाषणाचे नव्हे.

म्हणून आधी फोनमधून फाइल काढावी, लगेच हॅश काढावे, तारीख आणि वेळ लिहून ठेवावी, आणि ती मूळ फाइल स्वतंत्र पेन ड्राइव्हवर ठेवून पुन्हा तिला हात लावू नये. भाषांतर, छपाई, रंगीत प्रती हे सर्व दुसऱ्या प्रतीवरून करावे. अनुसूचीतील नमुन्यात एसएचए 1, एसएचए 256, एमडी 5 असे पर्याय आहेत, त्यांपैकी एसएचए 256 घ्यावा. विंडोजच्या संगणकात 'सर्टयुटिल' ही आज्ञा आधीपासूनच असते, त्यामुळे यासाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. आणि पक्षकाराच्या फोनवर संदेश आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू असेल तर ती पहिल्या भेटीतच बंद करायला सांगा.

मलप्रभा_काठ
संगणक दादा, फार मोलाची माहिती दिलीत. आमच्याकडे सध्या केवळ स्क्रीनशॉट आहेत. मावशींना फोन घेऊन पुन्हा बोलावतो.

निपाणीची_वकील
भाषांतराबद्दल माझा अनुभव लिहिते. आपल्या जिल्ह्यातील दुय्यम न्यायालयांची भाषा कन्नड आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 137 च्या तिसऱ्या पोटकलमाप्रमाणे साक्ष नोंदवणे सोडून इतर लेखन इंग्रजीतही करता येते. मात्र इंग्रजी न जाणणाऱ्या पक्षकाराने किंवा वकिलाने मागणी केली तर न्यायालयाच्या भाषेतील भाषांतर द्यावे लागते. म्हणून मी मराठी दस्तऐवजासोबत इंग्रजी भाषांतर जोडते, आणि समोरचे वकील आग्रह धरणारे असतील तर कन्नडही तयार ठेवते. भाषांतर वकिलाने स्वतः करू नये, असे मला वाटते. तसे केल्यास वाद भाषांतराच्या अचूकतेवर गेला की वकीलच साक्षीदार होण्याची वेळ येते. दोन्ही भाषा जाणणाऱ्या शिक्षकाकडून किंवा निवृत्त कर्मचाऱ्याकडून ते करून घेऊन, त्यांचे प्रतिज्ञापत्र जोडून, गरज पडल्यास त्यांना साक्षीला बोलावता येते.

नवीन कलमांविषयीही एक गोष्ट सांगते. जुन्या फौजदारी संहितेतील पोटगीचे कलम 125 हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 144 झाले आहे. सीमाभागात 144 म्हणजे जमावबंदी हे लहान मुलालाही ठाऊक असते, कारण 1 नोव्हेंबर जवळ आला की आपण तो आकडा वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. एका पक्षकार ताईंनी स्वतःच्या अर्जावर 144 वाचले आणि त्या घाबरून विचारू लागल्या, "मॅडम, माझ्यावर पोलिसांनी काही लावलंय काय?" जमावबंदीचे कलम आता 163 आहे, हे त्यांना समजावून सांगेपर्यंत त्या अर्जावर सही करायला तयार नव्हत्या. म्हणून कलमाचा केवळ आकडा न लिहिता त्यापुढे विषय लिहावा, अशी माझी सर्वांना विनंती आहे.

चिकोडी_फौजदारी
मॅडम, अगदी खरे आहे. आम्हा वकिलांचाही गोंधळ होतो. पूर्वी 482 म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, गुन्हा रद्द करण्याचा अर्ज. आता 482 हा अटकपूर्व जामीन आहे आणि अंगभूत अधिकार 528 मध्ये गेले आहेत. जुना 438 म्हणजे नवा 482, जुना 439 म्हणजे नवा 483. उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात पाठवायच्या कागदांवर मी अजूनही दोन्ही आकडे लिहितो.

जुने_वकीलपत्र
मंडळी, मी 1980 च्या दशकात सनद घेतली, राजा लखमगौडा विधी महाविद्यालयात शिकलो आणि आजही रोज न्यायालयात जातो. वरील चर्चा वाचून समाधान वाटले. प्रमाणपत्र आणि हॅश यांच्याइतकेच, किंबहुना अधिक लक्ष ज्याकडे द्यायला हवे असे एक प्रकरण आहे. ते म्हणजे आपल्या मराठी साक्षीदाराचे सरतपासाचे, म्हणजे त्याला बोलावणाऱ्या बाजूने घेतलेल्या मुख्य साक्षीचे, प्रतिज्ञापत्र.

1 जुलै 2002 पासून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 18 नियम 4 प्रमाणे सरतपास प्रतिज्ञापत्रावर होतो. त्याआधी साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून आपल्या मराठीत बोलत असे, न्यायाधीश दोन प्रश्न विचारून खात्री करून घेत आणि मग नोंद सांगत. साक्षीदाराचे शब्द आणि कागदावरची नोंद यांत अंतर पडले तर ते तेथल्या तेथे लक्षात येई. आता प्रतिज्ञापत्र आपल्या कार्यालयात इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये तयार होते आणि साक्षीदार त्यावर मराठीत सही करतो. एका जमिनीच्या दाव्यात माझ्या साक्षीदाराला उलटतपासाचा पहिलाच प्रश्न आला: या कागदात काय लिहिले आहे ते सांगता येईल का? तो प्रामाणिक माणूस होता. "इंग्रजीत आहे, मला वाचता येत नाही," असे त्याने सांगितले. दावा खरा होता, कागद खरे होते, पण त्या एका उत्तराने त्याच्या संपूर्ण साक्षीवर संशयाची छाया पडली. प्रतिज्ञापत्र वाचून समजावल्याची नोंद माझ्या कार्यालयाने घेतली नव्हती. ती चूक माझी होती, आणि तिचे ओझे त्या शेतकऱ्याने वाहिले.

तेव्हापासून मी सरतपास आधी मराठीत लिहितो. साक्षीदाराला तो स्वतः वाचायला देतो, निरक्षर असेल तर वाचून दाखवतो, आणि त्याने केलेल्या दुरुस्त्या घेतल्यावरच त्याचे भाषांतर करतो. "मजकूर साक्षीदारास मराठीत वाचून दाखवला, त्यास तो समजला व मान्य आहे" अशी नोंद, ज्याने वाचून दाखवले त्याच्या सहीसह, प्रत्येक प्रतिज्ञापत्राच्या शेवटी असते. यात अर्धा दिवस अधिक जातो, परंतु तो अर्धा दिवस पक्षकाराचा हक्काचा आहे.

येळ्ळूरकर
मी शेतकरी आहे, वकील नाही. वडिलांच्या वाटणीच्या दाव्यात मीही असाच न वाचता सही करून आलो आहे. काकांचे लिहिणे वाचून आता काळजी वाटू लागली. दाव्यात पुढे काय चालले आहे हे आम्हाला कसे समजावे? तारीख झाली की वकीलसाहेब पुढची तारीख सांगतात, एवढेच आम्हाला कळते.

निपाणीची_वकील
दादा, आपल्या दाव्याचा 16 अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक वकिलांकडून लिहून घ्या. कर्नाटकातील क्रमांकाची सुरुवात 'केए' या अक्षरांनी होते. ई-कोर्ट्सच्या मोबाइल ॲपमध्ये तो टाकला की मागील तारखांना काय झाले, पुढील तारीख कोणती आणि कशासाठी, हे दिसते. प्रतिज्ञापत्राची प्रत मागून घ्या आणि उलटतपास अजून व्हायचा असेल तर त्याआधी वकिलांसमवेत बसून ती मराठीत समजून घ्या. प्रत मागण्यात संकोच मुळीच करू नका.

सीमा_वाचक
मूळ प्रश्नच हा आहे की मराठी माणसाने आपल्याच गावच्या न्यायालयात भाषांतर का द्यावे? 1956 पूर्वी हा जिल्हा मुंबई राज्यात होता, तेव्हाचे कागद पाहा, ते कोणत्या भाषेत आहेत! प्रमाणपत्राच्या तपशिलांपेक्षा मराठी कागद जसाच्या तसा स्वीकारला जावा ही मागणी वकिलांनी एकत्र येऊन केली पाहिजे.

चिकोडी_फौजदारी
तुमची भावना मला कळते. परंतु माझ्या पक्षकाराचा जामीन अर्ज उद्या सकाळी आहे, आणि ती मागणी मान्य होईपर्यंत तो थांबू शकत नाही. मी कन्नड शिकलो, आज स्वतः कन्नडमध्ये मसुदे करतो, आणि त्यामुळे माझ्या मराठी पक्षकारांचे नुकसान टळले आहे. तरुण वकिलांनी कन्नड लिहिण्या-वाचण्याइतके तरी शिकावे, असे मी आग्रहाने सांगेन.

जुने_वकीलपत्र
दोघांनाही एक गोष्ट सुचवतो. मागण्या कराव्यात, कन्नडही शिकावे, परंतु कायद्याने आज जे दिलेले आहे तेही आपण पूर्णपणे वापरत नाही. नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 312, म्हणजे जुन्या संहितेचे 277, पाहा. साक्षीदार न्यायालयाच्या भाषेखेरीज दुसऱ्या भाषेत साक्ष देत असेल तर शक्य असल्यास ती त्याच भाषेत नोंदवता येते. ते शक्य नसेल तर न्यायालयाच्या भाषेत खरे भाषांतर तयार करून, त्यावर न्यायाधीशांची सही होऊन, ते अभिलेखाचा भाग होते. आरोपीला न समजणाऱ्या भाषेत साक्ष झाली तर ती त्याला समजेल अशा भाषेत सांगितली गेली पाहिजे, असे कलम 314 म्हणते. आपल्यापैकी किती जणांनी या कलमांखाली लेखी विनंती केली आहे? मी गेल्या काही वर्षांत तीनदा केली, आणि तिन्ही वेळा न्यायाधीशांनी ती आस्थेने ऐकून घेतली.

निवृत्त_शिरस्तेदार
न्यायालयाच्या कार्यालयात आयुष्य गेले म्हणून समन्साबाबत लिहितो. बेळगावचे दावे आणि कोल्हापूर, सिंधुदुर्गातील प्रतिवादी ही आपल्याकडील नित्याची गोष्ट आहे. सीमेपलीकडच्या एका न्यायालयाकडून एक कन्नड समन्स बजावणी न होता परत आले, कारण ते तेथे कोणालाच वाचता आले नव्हते. त्यात आठ महिने गेले. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 28 मध्ये याचे पूर्ण उत्तर नाही. समन्सची भाषा आणि ज्या न्यायालयाकडे ते पाठवले तेथील बजावणीच्या अभिलेखाची भाषा वेगळी असेल, तर समन्स परत करताना त्या अभिलेखाचे हिंदी किंवा इंग्रजी भाषांतरही सोबत पाठवायचे असते, एवढेच ते सांगते; समन्सच्या भाषांतराबद्दल त्यात काही नाही. म्हणून वकिलाने प्रोसेस फी (समन्स बजावणीचे शुल्क) भरताना समन्सची इंग्रजी प्रत स्वतःहून जोडली तर कारकुनाचे काम हलके होते आणि समन्स वेळेत पोचते.

चंदगडी
शिरस्तेदार साहेबांनी आमच्या मनातले लिहिले. चंदगड तालुका 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, त्यामुळे आमच्या जुन्या जमिनींचे धागेदोरे अजून तिकडे आहेत आणि आजही बाजार, दवाखाना बेळगावलाच. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाल्याने अपिलासाठी मुंबई गाठण्याचा त्रास वाचला. बेळगावच्या वकील मित्रांनी लक्षात घ्यावे की आमच्याकडील प्रकरणांची अपिले आता तेथे चालतात, जशी तुमची 2008 पासून धारवाडला चालतात.

मोडी_वाचक
जुन्या कागदांचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी मोडी वाचतो. खानापूर, बेळगाव भागातील वाटणीपत्रे आणि खरेदीखते मोडीत असतात, आणि त्यांचे थेट इंग्रजी भाषांतर करून आणा असे वकील सांगतात. तसे करू नये. आधी मोडीवरून देवनागरीत ओळीस ओळ लिप्यंतर करावे, न लागलेला शब्द तसा नोंदवावा, आणि मगच भाषांतर करावे. मी एका वाटणीपत्रात 'पड' जमीन वाचली असताना भाषांतरात ती 'पडवी' झाली होती. लिप्यंतर जोडलेले होते म्हणूनच ती चूक सापडली. तीस वर्षांहून जुन्या दस्ताबाबतचे गृहीतक, जुने कलम 90, आता साक्ष्य अधिनियमाच्या कलम 92 मध्ये आहे. परंतु त्यासाठी कागद योग्य ताब्यातून आलेला असावा लागतो, म्हणून तो कोणत्या पेटीत, कोणाच्या घरी होता हे साक्षीत यायला हवे.

खडेबाजार_चेक
धनादेशाच्या प्रकरणांबाबत थोडक्यात. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 223 मुळे दखल घेण्याआधीच आरोपीला बाजू मांडण्याची संधी द्यावी लागेल का, यावर बराच खल चालला होता. कर्नाटक उच्च न्यायालयाने कलम 138 च्या, म्हणजे धनादेश न वटल्याच्या, फिर्यादींत तशी नोटीस आवश्यक नसल्याचे म्हटले, आणि 25 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानेही तेच मान्य केले. त्याच निकालात फिर्यादीच्या सुरुवातीला ठरावीक नमुन्यातील सारांश जोडण्याचे आणि नेहमीच्या पद्धतीखेरीज फिर्यादीनेही समन्स हस्ते बजावण्याचे निर्देश आहेत. सारांश नसेल तर तपासणीतच आक्षेप निघतो. नोटिशीची 30 दिवसांची आणि पैसे देण्याची 15 दिवसांची मुदत पूर्वीप्रमाणेच आहे.

जुने_वकीलपत्र
मलप्रभा_काठ, धागा पुन्हा पहिल्यापासून वाचताना एका गोष्टीवर माझी नजर थांबली, आणि ती आम्हा सर्वांकडून सुटली याचे वाईट वाटले. आपला दावा 2023 मधला आहे असे आपण पहिल्याच परिच्छेदात लिहिले आहे. साक्ष्य अधिनियमाच्या कलम 170 चे दुसरे पोटकलम काढून वाचा. तो अधिनियम लागू होण्याच्या दिवशी प्रलंबित असलेले अर्ज, खटले, कार्यवाही आणि अपिले 1872 च्या जुन्या अधिनियमाप्रमाणेच पुढे चालवायची आहेत. म्हणजे आपल्या दाव्याला 65-ब लागू आहे, आणि 65-ब मध्ये 'ब' भागाच्या तज्ज्ञाची सही मुळातच नाही. आपण ज्या तज्ज्ञाच्या शोधात आहात त्याची या दाव्यात गरजच नाही.

दुसरे असे की, जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणूक याचिकेतून निघालेल्या 14 जुलै 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, मूळ उपकरणच त्याच्या मालकाने साक्षीत येऊन हजर केले आणि ते आपले असल्याचे सिद्ध केले तर प्रमाणपत्राची आवश्यकता राहत नाही. मावशींचा तो फोन अजून त्यांच्याकडे आहे का?

चिकोडी_फौजदारी
सर, मी माझ्या उत्तरात दाव्याचे वर्ष पाहिलेच नाही. तज्ज्ञाबाबत मी जे लिहिले ते 1 जुलै 2024 नंतरच्या प्रकरणांपुरते समजावे. फौजदारीतही हाच भेद आहे. त्या दिवशी प्रलंबित असलेला तपास, चौकशी, खटला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 531 प्रमाणे जुन्या संहितेनेच चालतो, आणि गुन्हा त्या तारखेआधी घडला असेल तर शिक्षेचे कलम भारतीय दंड संहितेचेच राहते.

टिळकवाडी_संगणक
प्रमाणपत्र जुन्या पद्धतीचे असले तरी हॅश काढून ठेवावे, असे मला वाटते. फाइल मधल्या काळात बदललेली नाही हे दाखवायला ते उपयोगी पडेल.

मलप्रभा_काठ
जुने_वकीलपत्र सर, मनापासून आभार. कलम 170 काढून तीनदा वाचले. तज्ज्ञासाठी पक्षकाराचे काही हजार रुपये खर्च होणार होते आणि मी तसे त्यांना सांगूनही बसलो होतो. आज त्यांना फोन करून ते थांबवले.

काल मावशी त्यांच्या नातवासह आल्या होत्या. फोन तोच आहे, काच तडकलेली आहे, पण संदेश सर्व शाबूत आहेत. फाइल काढून त्याच बैठकीत एसएचए 256 हॅश काढले. नवीन फोन घ्यायचा झाला तरी हा कोणाला द्यायचा नाही, त्यातले काही पुसायचे नाही आणि साक्षीच्या दिवशी तो चार्ज करून सोबत आणायचा, असे नातवाला लिहून दिले आहे. 65-ब चे प्रमाणपत्रही मावशींच्या सहीने तयार ठेवतो आहे, कारण जुना फोन ऐन वेळी बंद पडला तर हाताशी दुसरा आधार हवा. भाषांतरासाठी दोन्ही भाषा जाणणारे एक निवृत्त शिक्षक तयार झाले आहेत.

सरतपास मराठीत लिहायला घेतला आहे. पहिला मसुदा वाचून दाखवला तेव्हा मावशींनी दोन ठिकाणी मला थांबवले. रक्कम एकदम दिली नव्हती, दोन हप्त्यांत दिली होती, आणि दुसरा हप्ता सुगीनंतरचा होता. माझ्या इंग्रजी टिपणात यातले काहीच नव्हते. आता एकच शंका उरली आहे. मराठी मसुदाही त्यांच्या सहीने इंग्रजी प्रतिज्ञापत्रासोबत दाखल करावा, की केवळ आपल्या फाइलमध्ये ठेवावा?

निपाणीची_वकील
मी दाखल करते. समोरच्या वकिलांनी भाषांतरावर शंका घेतली तर मूळ शब्द न्यायालयासमोर आधीपासूनच असतात.

जुने_वकीलपत्र
मीही दाखल करतो. प्रत्येक पानावर मावशींची सही घ्या, आणि हप्त्यांची दुरुस्ती त्यांच्याच शब्दांत राहू द्या.